म्हसोबाच्या डोंगरावर नऊ जीपा

जंगलखात्याच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. एवढ्या वर्षांत माणसाची कातडी इतकी निबर होते की किळस वगैरे नाजूक गोष्टी आत शिरत नाहीत. माझीही तशीच झाली होती. पण रिटायर होऊन संभाजीनगरात राहायला आलो, आणि आता रविवारी संध्याकाळी दूध आणायला निघालो की चौकात त्या उभ्या दिसतात. पुरुषाच्या कमरेएवढ्या चाकांच्या, काचेपर्यंत चिखलानं माखलेल्या जीपा. मालक त्या मुद्दाम धूत नाहीत. दोन-दोन दिवस तो चिखल शहरभर मिरवतात, आणि येणारेजाणारे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. मला त्या चिखलाची किळस येते. मी पिशवी सांभाळत रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. बायको म्हणते, "लोकांच्या गाड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

माझं काही मारलं नाही. मारलं ते कारभाऱ्याचं, आणि त्यात माझा हात होता. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. इथं सांगतो.

पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, वाकदरा नावाचं सव्वाशे उंबऱ्यांचं गाव आहे. कारभारी तिथला. नाव कारभारी, पण कारभार म्हणाल तर दोन एकर बरड आणि आमच्या खात्यातली रोजंदारीवरची राखण. उंच, हाडकुळा, पायात टायरच्या वहाणा, खांद्यावर घोंगडी. बोलायला लागला की आधी दोनदा घसा खाकरायचा, आणि मग जे बोलायचा ते एका वाक्यात संपायचं. चौथीपर्यंत शिकलेला; सही यायची, वाचायला मात्र बोट फिरवत बसायचा. बायको आवडाबाई. मूलबाळ नव्हतं. गावात कुणी त्यावरून बोललं तर आवडाबाई म्हणायची, "आमचं लेकरू त्यो डोंगर हाये. रोज त्याच्याच मागं पळत्यात." हे ती कौतुकानं म्हणायची की चिडून, ते दिवसावर अवलंबून असायचं.

गावामागच्या या डोंगराला म्हसोबाचा डोंगर म्हणतात. कागदोपत्री राखीव जंगल, पण सत्त्याण्णव सालापर्यंत त्यावर राखण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. झाडं सरपणात गेली, गवत जनावरांनी मुळापासून खाल्लं, आणि डोंगराच्या पोटातला झरा दिवाळीतच आटायला लागला. त्या साली चंपाषष्ठीला गाव खंडोबाच्या देवळात बसलं आणि गावानं स्वतःवर बंदी घालून घेतली. कुणा साहेबानं सांगितलं नव्हतं. डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही, जनावर न्यायचं नाही, आणि डोंगरावरून पलीकडच्या शेतांकडे जाणारी गाडवाट मोडायची. पुजाऱ्यानं ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला. घरटी एकानं पान उचललं, हळद कपाळाला लावली. ही शपथ मोडणाऱ्याचं वाटोळं होतं, याबद्दल वाकदऱ्यात कुणाला तिळमात्र शंका नाही. युसूफ पठाणाच्या चाळीस शेळ्या होत्या. त्यानं दर्ग्याच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुढच्या बाजारी सगळा कळप सिल्लोडला विकला, आणि फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं.

त्यात एक अट होती, आणि पुढं जे झालं ते याच अटीमुळं. दरवर्षी चंपाषष्ठीला ताट पुन्हा फिरायचं. सगळ्या हातांनी पान उचललं तर बंदी वर्षभर चालू. एका जरी घरानं नाही उचललं, तर बंदी त्या क्षणी संपली. जुलूम कुणावर नको, राजीखुशीनं असेल तर असू द्या, असा तो हिशेब. मला तेव्हा वाटलं होतं, हे दोन वर्षं टिकणार नाही. एकोणीस वर्षं टिकलं.

ते टिकलं ते कारभाऱ्यामुळं. गावानं त्याला राखणदार नेमलं आणि मग आमच्या ऑफिसनं त्याला रोजंदारीवर घेतलं. बंदी लागू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याचा सख्खा भाऊ बन्सी बैलगाडी घेऊन गाडवाटेनं निघाला. बन्सीचं शेत डोंगरापलीकडं. वाटेनं गेलं तर अर्धा कोस, फिरून गेलं तर साडेतीन. गाडीत शेणखत होतं, बैल दमलेले होते. वाटेच्या तोंडाशी गावानं फाटक घातलं होतं, ते कारभाऱ्यानं उघडलं नाही. बन्सी म्हणाला, "आरं, म्या काय झाड तोडाया चाललोय का?" कारभारी म्हणाला, "आज तुपली गाडी गेली तर उद्या कुनाची अडवू?" बन्सीनं बैल वळवले आणि साडेतीन कोस फिरून गेला. मग तीन वर्षं भावाभावात बोलणं नव्हतं. आवडाबाई सरपणासाठी नदीपलीकडं बाभळीच्या बनात जायची, कारण राखणदाराच्या घरात डोंगराची काडी दिसली असती तर गाव काय म्हणालं असतं! पण चंपाषष्ठीला ताट समोर आलं की बन्सी मुकाट्यानं पान उचलायचा. शपथ ती शपथ, भाऊबंदकी तिच्या जागी.

रोजगार हमीवर बायांनी गाडवाटेच्या कडेनं, नाल्यात, दगडी बांध घातले. पावसात वाहून आलेली माती त्या बांधांशी अडायची आणि गाळ साचायचा. पाच-सात वर्षांत डोंगरावर गुडघाभर गवत आलं. अंजनाची खोडं फुटली. झरा आधी संक्रांतीपर्यंत, मग शिमग्यापर्यंत, आणि शेवटी पाडव्यापर्यंत टिकायला लागला. मी कामानिमित्त गेलो की कारभारी मला झऱ्यावर घेऊन जायचा, ओंजळ भरायचा, आणि मी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. "ग्वाड हाये ना, भाऊसाहेब?" मी हो म्हणायचो. खरंच गोड होतं.

दोन हजार सोळाच्या श्रावणात जीपा आल्या. पहिल्यांदा तीन होत्या.

फाटकाशेजारी गावानं एक पाटी लावली होती. तिच्यावर कुणाला मनाई ते लिहिलं होतं: कुऱ्हाड, कोयता, शेळी, मेंढी, गाय, म्हैस, बैलगाडी. गावानं आपल्याला ठाऊक होतं तेवढं सगळं लिहिलं. मोटार या डोंगरावर कशाला येईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पुढच्या जीपमधून काळा चष्मा लावलेला एक पन्नाशीचा माणूस उतरला, त्यानं पाटी मोठ्यानं वाचली आणि मागच्या मंडळींकडं बघून हसला. "ह्यात जीप कुठं लिहिलीय, बाबा?"

हे नानासाहेब. मूळचे आमच्याच बाजूचे, बाप पिशोरच्या बाजारात मिरच्या विकायचा. मुलगा शहरात गेला, रस्त्यांचा ठेकेदार झाला, आणि आता दर रविवारी जिथं रस्ता नाही तिथं गाडी घालण्याचा छंद त्याला लागला होता. जन्मभर ज्यांनी गाडवाटा तुडवल्या, त्यांच्या पोरांना चिखलात रुतायची हौस यावी आणि त्यासाठी त्यांनी गाडीला पंधरा लाख घालावेत! हा क्लब आहे म्हणे. त्यांचे सारखे शर्ट असतात, पाठीवर नाव छापलेले.

कारभाऱ्यानं चुलीतला कोळसा आणून पाटीवर बैलगाडीच्या खाली वेड्यावाकड्या अक्षरांत 'जीप' लिहिलं. मग फाटकासमोर घोंगडी टाकून बसला आणि भाकरीचं फडकं सोडून जेवायला लागला. तासभर हॉर्न वाजले. तो सावकाश जेवला, पाणी प्यायला, तंबाखू मळली. जीपा परत गेल्या. संध्याकाळी फाट्यावर युसूफच्या दुकानात त्यातल्या एकीचं चाक आलं. युसूफनं पंक्चर काढलं आणि वर ऐकवलं, "साहब, उस डोंगर के लिए मैंने चालीस बकरियां बेची हैं. आप एक संडे नहीं बेच सकते?" नानासाहेब हसले म्हणे. हसू त्यांना फार सहज यायचं.

आठ दिवसांनी ते आमच्या ऑफिसात आले. ऑफिसाचं नाव सांगत नाही, सगळी सारखीच. साहेबांनी त्यांना आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं, बासुंदी मागवली. वनरक्षकाला कधी त्या खुर्चीत बसलेलं मी पाहिलं नाही. अर्ध्या तासानं मला आत बोलावून पत्र सांगितलं. 'निसर्ग जनजागृती फेरी', नऊ वाहनं, अस्तित्वात असलेल्या वाटेनंच, वृक्षांस इजा न पोहोचवता. मी म्हणालो, "साहेब, ती वाट गावानं बंद केलेली आहे. शपथेवर." साहेब म्हणाले, "जंगल गावाचं आहे की सरकारचं? टाइप करा." मी टाइप केलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची पद्धत असते, तीही टाकली. बासुंदी मलाही आली होती आणि मी ती खाल्ली. हेही लिहून ठेवतो.

पत्र घेऊन वाकदऱ्याला मलाच पाठवलं. कारभाऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा घसा खाकरला.

"हे सरकारी हाये?"

"हो."

"मंग सरकारनं शपथ नवती घेतली व्हय?"

"सरकार शपथ घेत नाही रे. उघड फाटक. तुझी नोकरी जाईल."

"नोकरीचं जाऊ द्या हो. गाव काय म्हनंल? ज्या वाटंनं सख्ख्या भावाची गाडी जाऊ दिली नाय, त्या वाटंनं म्या ह्यांना कामून सोडू?"

मी त्याला समजावलं. हे मला चांगलं जमतं. एकच दिवस आहे, वाटेनंच जाणार आहेत, कागदावर लिहिलंय झाडाला इजा करायची नाही, काही केलंच तर आपल्याला केस करता येईल. हे शेवटचं वाक्य त्याला पटलं. "केस करता येतीया ना?" त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, का नाही येणार! त्यानं फाटक उघडलं ते या माझ्या शब्दावर.

भाद्रपदातला रविवार होता. नऊ जीपा, झेंडे, गाणी. साहेबांनी नारळ फोडला, नारळ धरायला कारभाऱ्यालाच उभं केलं. गावातले लोक कडेला उभे राहून बघत होते. बन्सी सगळ्यांत पुढं होता, हाताची घडी घालून. मग जीपा वर गेल्या आणि मी माझ्या डोळ्यांनी ते सगळं पाहिलं. वाटेनं जाण्यात त्यांना मजा नव्हती. वाट सोडून नाल्यात गाड्या घातल्या, कारण चिखल तिथं होता. चाकं रुतली. रुतली की खाली उतरून सगळे आनंदानं ओरडायचे. चाकाखाली घालायला दगड हवे होते, ते त्यांनी बायांच्या बांधांतून उपसले. मी मोजले: अकरा बांध मोडले. एका जीपला ओढून काढायला पोलादी दोर एका अंजनाला गुंडाळला आणि जीपच्या पुढचं दोर ओढणारं यंत्र चालू केलं. दोर सालीत रुतला, आणि जीप वर आली तेव्हा कमरेच्या उंचीवर झाडाची साल गोल सोलून निघाली होती. आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. एक जण त्याच्याशेजारी उभा राहून अंगठा वर करून हसला, दुसऱ्यानं फोटो काढला. झऱ्यावर बसून मंडळी जेवली. कागदी प्लेटा तिथंच टाकल्या, आणि झऱ्याच्या डबक्यात एकानं गाडीच्या चटया धुतल्या.

मला तिथंच शिसारी आली. पण माझ्या शिसारीला कोण विचारतो? मी साहेबांच्या गाडीत बसून परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कारभारी ऑफिसात हजर. "केस करा," म्हणाला. साहेब म्हणाले, त्यांच्याकडं परवानगी होती, केस कशाची? तो माझ्याकडं बघायला लागला. मी खाली मान घालून जावक रजिस्टर चाळत राहिलो. त्यानंतर तो पाच-सहा वेळा आला. शेवटी शिपायानं त्याला दारातच थांबवायला सुरुवात केली.

गावात बोलायला सुरुवात झालीच होती. कारभाऱ्यानं पैसे खाल्ले. नारळ धरून उभा होता, दिसला नाही का? एकोणीस वर्षं आपल्या शेळ्या अडवल्या, आणि पैसेवाला आला की फाटक सताड. आवडाबाईला पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "कितीला गेला गं डोंगर?" ती घागर न भरता घरी यायची. हे मला युसूफनं सांगितलं. गावात कारभाऱ्याच्या बाजूनं बोलणारा तो एकटाच उरला होता.

चंपाषष्ठीला मी मुद्दाम गेलो. देवळात सगळं गाव बसलेलं. पुजाऱ्यानं ताट फिरवायला सुरुवात केली. पहिली दहा-बारा घरं झाली, त्यांनी उचललं. ताट बन्सीसमोर आलं आणि बन्सीनं हात मांडीवरच ठेवले.

"उचल, बन्सी," कुणीतरी म्हणालं.

"नाय उचलत. म्या येकोनीस वर्सं साडेतीन कोस फिरून जातोय. बैल मेले मपले त्या चढानं. शपथ सगळ्यांला हाये का निस्ती आपल्यालाच?"

कारभारी उठला. देवळात मोठ्या भावासमोर हात जोडून उभा राहिला. "दादा, उचल. फाटक म्या उघडलं, चूक मपली. मला दंड कर. डोंगराला नगं."

बन्सीचाही चेहरा बरा नव्हता. मग म्हणाला, "कारभारी, त्या जीपवाल्यावर येक केस कर. निस्ती येक. ज्या दिशी त्यो कोरटात हुभा ऱ्हाईल, त्या दिशी म्या पान उचलतो. खंडोबाची आन."

ताट परत गाभाऱ्यात गेलं. बंदी संपली. दुसऱ्याच दिवशी डोंगरावर कुऱ्हाडींचे आवाज यायला लागले. मी गावाला दोष देत नाही. एकोणीस वर्षं ज्यांनी पोटाला चिमटा घेतला, त्यांना आपण मूर्ख बनलो असं एकदा वाटलं की मग माणूस हात आखडत नाही.

यानंतर कारभाऱ्यानं जे केलं ते कुणा शहाण्याला सुचलं नसतं. तो म्हणे चार दिवस विचार करत बसला. जीपवाल्यावर केस होत नाही, कारण त्याच्याकडं कागद आहे. पण आपल्याकडं कागद नाही, मग आपल्यावर तर होईल. केस झाली की कोर्ट. कोर्टात न्यायाधीश विचारणारच, बाबा, तू राखणदार, तू झाड का तोडलंस? मग सांगायचं. मग न्यायाधीश ऑफिसातल्या साहेबांना बोलावणार, पत्र मागणार, नानासाहेबांना उभं करणार. बन्सीनं कोर्टात उभं करा एवढंच सांगितलंय. तो पान उचलणार, आणि बंदी पुन्हा लागणार.

गावात गुपचूप झाडं तुटत होती, पण कारभारी भर दुपारी, सगळ्यांदेखत, कुऱ्हाड खांद्यावर टाकून फाटकातून डोंगर चढला. सोललेलं ते अंजन त्यानं निवडलं. ते वाळायलाच लागलं होतं, पावसाळ्यापर्यंत जाणारच होतं. धडधाकट झाड तोडायचं त्याच्यानं झालं नाही. झाड पाडलं, बुंध्यावर बसला, आणि युसूफला निरोप देऊन वनरक्षकाला बोलावून घेतलं. वनरक्षकानं हात जोडले, "कारभारी, घरी जा, मी काही बघितलं नाही." तो उठला नाही. शेवटी पंचनामा झाला. आरोपी कारभारी, कुऱ्हाड एक, अंजन हिरवं एक. हिरवं असंच लिहिलं होतं. सोललेल्या सालीबद्दल पंचनाम्यात अक्षर नाही. म्हसोबाच्या डोंगरावर, गाव वसल्यापासून, नोंदला गेलेला हा एकमेव गुन्हा.

साहेब हादरले. वेडा आहे म्हणून त्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग त्यांच्या ध्यानात आलं. मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "हा कोर्टात गेला तर पत्र बाहेर येईल. पत्रावर सही माझी आहे." मग म्हणाले, "आणि कोपऱ्यात आद्याक्षरं कुणाची आहेत?"

बारीकसारीक गुन्हा असला की दंड भरून ऑफिसातच मिटवायची कायद्यात सोय आहे. आरोपीनं गुन्हा कबूल करून तडजोड मागायची, दंड भरायचा, प्रकरण कोर्टात जातच नाही. कारभारी तडजोड मागणार नव्हता. दंड भरायला तर त्याच्याकडं नव्हतंच. दंडाची सोय झाली. साहेबांनी फोन केला आणि त्याच संध्याकाळी नानासाहेबांचा ड्रायव्हर पाकीट देऊन गेला. नानासाहेबांनी फोनवर सांगितलं म्हणे, "गरीब माणूस आहे हो, असं अडकवू नका. आमचा क्लब सामाजिक कामात नेहमी पुढं असतो." ते खरोखर भलेपणानंच बोलले असतील. यातला कुठला भाग जास्त घाण आहे, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

उरली सही. ती माझ्याकडं होती.

मजुरांच्या हजेरीपटावर सह्या घेताना मी जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली काढून ठेवायचो. वाचत बसलं तर संध्याकाळ व्हायची. एकोणीस वर्षं कारभारी त्या फुलीवर सही करत आला होता. वर काय लिहिलंय, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि मीही त्याला कधी एका दिवसाच्या मजुरीला फसवलं नव्हतं. ऑफिसात सगळे चोर असले तरी भाऊसाहेबाची फुली खरी, असं तो इतर मजुरांना सांगायचा.

सोमवारी तो आला. धुतलेला पांढरा सदरा, नवी टोपी. कोर्टात जायचे कपडे. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. फुली आधीच काढलेली होती. त्यानं खुर्चीच्या काठावर बसून विचारलं, "हे कोरटाचं ना, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जुळवत सही केली. मी टीपकागद दाबला. प्रकरण निकाली, असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. दंडाची पावती आरोपीला द्यायची असते, ती मी माझ्या टेबलाच्या खणात टाकली. त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र मात्र त्याच आठवड्यात वेळेवर पोचतं केलं.

दोन वर्षांनी मी पूर्ण पेन्शनवर रिटायर झालो. हार घालताना साहेब म्हणाले, असा विश्वासू माणूस पुन्हा मिळणार नाही.

मागच्या माघात कन्नडला एका लग्नाला गेलो होतो. परतताना फाट्यावर एसटी थांबली. युसूफच्या दुकानासमोर कारभारी बसलेला. पार थकलाय. मला खिडकीत बघून धावत आला. मी खाली उतरलो, उतरावंच लागलं. मागं डोंगर दिसत होता. त्यावर आता नुसते दगड आहेत, आणि जीपांनी पाडलेल्या चाकोऱ्या लांबूनही मोजता येतात. झरा दसऱ्यालाच आटतो, युसूफ म्हणाला.

"तारीख लागली का, भाऊसाहेब?" कारभाऱ्यानं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "कोर्टात फार गर्दी आहे."

"ऱ्हाऊ द्या. कोरटाचं काम, येळ लागनारच. बन्सीदादा बी इच्यारतो कवा कवा. तारीख लागली की त्यो पान उचलनार, मंग बाकीचं गाव बी उचलतंय बघा. डोंगराला काय, धा वर्सं पुरं हायेत परत यायला." त्यानं दोनदा घसा खाकरला. "म्या काय बोलायचं ते पाठ करून ठिवलंय. बराबर हाये का, तुमी येकदा आयकता का?"

एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता. कारभारी टोपी सारखी करून, हात जोडून, माझ्यासमोर ताठ उभा राहिला. "सायेब, झाड म्या तोडलं. म्या गुन्हेगार हाये. मला शिक्षा द्या. पन आदी मला इच्यारा, का तोडलं."

मग हात सोडून त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "एवढंच बोल." आणि एसटीत चढलो.